ब्रिटनमध्ये एक वर्षाचं मास्टर्स: सतत विचारले जाणारे प्रश्न

मी लीड्समध्ये मास्टर्स केलं आणि पुढे याच शहरात राहिले. दर उन्हाळ्यात पुणे, नाशिक, लातूर, कोल्हापूरकडची मुलं आणि त्यांचे आईवडील तेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. उदाहरणं लीड्सची आहेत, नियम देशाचे आहेत. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काही गोष्टी वेगळ्या असतात, त्या त्या ठिकाणी तसं सांगितलं आहे. आकडे २०२५-२६ चे आहेत. पैसे भरण्याआधी ते सरकारी संकेतस्थळावर एकदा पडताळून घ्या.

एक गोष्ट सगळ्या उत्तरांत येईल, ती आधीच सांगते. इथलं विद्यापीठ तुमच्या मागे लागत नाही. मदत भरपूर असते, पण ती मागावी लागते, वेळेत मागावी लागते आणि लेखी मागावी लागते.

१. एका वर्षात मास्टर्स कसं पूर्ण होतं? भारतात ही पदवी चालते का?

मास्टर्सला १८० क्रेडिट्स असतात आणि एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तासांचं काम. म्हणजे एकूण १,८०० तास. यातले १२० क्रेडिट्स वर्गातल्या विषयांचे आणि बहुतेक ठिकाणी ६० प्रबंधाचे, ज्याला सगळे डिझर्टेशन म्हणतात. सप्टेंबरअखेर सुरू झालेला अभ्यास पुढच्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत सलग चालतो. मे महिन्यात परीक्षा संपल्या की सुट्टी लागत नाही, डिझर्टेशन सुरू होतं. वेळापत्रकात आठवड्याला दहा-बारा तासच दिसतात म्हणून पहिल्या महिन्यात मुलं निवांत राहतात. उरलेले पंचवीस तास वाचनासाठी आहेत, आणि ते कुणीही मोजत नाही.

भारत आणि ब्रिटनमध्ये जुलै २०२२ मध्ये पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा करार झाला, त्यात एक वर्षाचं मास्टर्स मान्य आहे. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा आणि आर्किटेक्चर या व्यावसायिक पदव्या या करारात येत नाहीत. तुमचा विषय यातला असेल तर संबंधित परिषदेचे नियम आधी वाचा.

२. व्हिसासाठी खात्यात किती पैसे दाखवावे लागतात? शेतजमीन, सोनं, पीएफ चालतं का?

फीची उरलेली रक्कम आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. म्हणजे लंडनसाठी १३,७६१ आणि लीड्ससारख्या शहरासाठी १०,५३९ पौंड. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी. मधे एक दिवस जरी कमी झाली तरी मोजणी पहिल्यापासून. अर्ज कराल त्या दिवशी स्टेटमेंट ३१ दिवसांपेक्षा जुनं नको.

जमीन, सोनं, शेअर्स आणि पीएफ चालत नाहीत. पैसे हाताशी असलेले लागतात. आईवडिलांच्या खात्यातले चालतात, पण सोबत जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र द्यावं लागतं. काका, मामा किंवा आजोबांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. आपल्याकडे शिक्षणाचा खर्च अनेकदा काका-मामाच उचलतात, त्यामुळे बरेच जण इथेच अडकतात. अशा वेळी रक्कम आईवडिलांच्या किंवा तुमच्या स्वतःच्या खात्यात आणा आणि मग २८ दिवस मोजा. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचं मंजुरीपत्र असेल तर हा सगळा खटाटोप बराच कमी होतो.

३. याशिवाय कोणते खर्च येतात, जे एजंट सांगत नाही?

सगळ्यात मोठा खर्च आरोग्य अधिभाराचा, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी घेतात त्या रकमेचा. विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. बारा महिन्यांच्या कोर्सला व्हिसा सुमारे सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे १,१६४ पौंड अर्ज करतानाच भरावे लागतात. व्हिसाची फी वेगळी, क्षयरोगाच्या तपासणीची फी वेगळी. राहण्याच्या जागेचं डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचं भाडं पोहोचण्याआधीच जातं.

परदेशी रक्कम पाठवताना वर्षाला १० लाख रुपयांच्या वर बँक टीसीएस (आगाऊ आयकर) कापते. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पैसे जात असतील तर कापत नाही. कापलेला टीसीएस इन्कम टॅक्स रिटर्न भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर तेवढे पैसे अडकून पडतात.

४. व्हिसाचा क्रम कसा असतो?

ऑफर लेटर, फीचा हप्ता, विद्यापीठाकडून सीएएस क्रमांक (प्रवेश पक्का झाल्याचा, व्हिसाच्या अर्जात लागणारा), क्षयरोग तपासणी, ऑनलाइन अर्ज, बोटांचे ठसे. तपासणी फक्त ब्रिटनने मान्यता दिलेल्या दवाखान्यातलीच चालते आणि तो दाखला सहा महिने ग्राह्य धरतात. काही तांत्रिक आणि विज्ञान विषयांना एटास नावाची वेगळी परवानगी लागते आणि तिला आठवडे लागतात. ऑफर लेटरमध्ये तिचा उल्लेख असेल तर त्याच दिवशी अर्ज करा.

आता प्लास्टिकचं कार्ड मिळत नाही, ई-व्हिसा असतो. त्याचं ऑनलाइन खातं निघण्याआधीच उघडा, त्याला पासपोर्ट जोडा आणि स्वतःचं नाव, जन्मतारीख, कामाची अट बरोबर आहे का ते वाचा. आडनाव आणि वडिलांचं नाव यांची अदलाबदल झालेली मी अनेकदा पाहिली आहे. ती दुरुस्ती पुण्यातून करून घेतलेली बरी, हिथ्रोच्या रांगेत उभं राहून ते जमत नाही.

५. शिष्यवृत्ती मिळू शकते का?

मिळू शकते, पण अर्ज वर्षभर आधी सुरू करावे लागतात. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण ऑगस्टमध्ये उघडतात, ऑक्टोबरमध्ये बंद होतात आणि प्रवेश पुढच्या वर्षीचा असतो. त्याला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतणं बंधनकारक असतं. कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे. केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. डॉ. आंबेडकर १९२० मध्ये अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण करायला लंडनला परतले, तेव्हा मदत करणाऱ्यांत शाहू महाराज होते. त्या नावाची शिष्यवृत्ती घेऊन आलेली मुलं मला इथे भेटतात तेव्हा फार बरं वाटतं. पात्र असाल तर संकोच न करता अर्ज करा.

विद्यापीठाच्या स्वतःच्या फी-सवलतीही असतात. त्यांचा उल्लेख ऑफर लेटरमध्ये नसला तरी ईमेल करून विचारा.

६. लग्न झालं आहे. नवऱ्याला किंवा बायकोला सोबत आणता येईल का?

वर्गातल्या शिक्षणाच्या मास्टर्सवर सहसा नाही. १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या कोर्ससाठी ही सोय पीएचडी, संशोधनाधारित पदव्या आणि सरकारी शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्यांपुरतीच उरली आहे. एजंट काही वेगळं सांगत असेल तर त्याच्याकडून ते लेखी मागा.

७. सामानात काय आणू आणि काय नको?

दुधाचे पदार्थ नकोत. घरचं तूप, पेढे, खव्याची बर्फी हे सगळं नियमाने बंद आहे, मांसाचे पदार्थही. प्रमाणपत्राशिवाय बहुतेक ताज्या भाज्या आणि फळंही नाहीत. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, सुक्या चटण्या, लोणचं, पापड हे चालतं, आणि तेच आणा, कारण इथल्या दुकानांत गुजराती आणि पंजाबी माल भरपूर असला तरी गोडा मसाला आणि थालीपीठाची भाजणी सहसा नसते. पोहे, साबुदाणा, तूरडाळ, शेंगदाणे सगळं मिळतं, त्यांना जागा देऊ नका.

छोटा कुकर आणा, पण बूड सपाट आणि इंडक्शनवर चालणारं हवं. इथल्या पिना तीन चौकोनी असतात, दाब २३० व्होल्टच, त्यामुळे फक्त अडॅप्टर लागतो. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणा. जाड जॅकेट मात्र इथेच घ्या. आपल्याकडच्या जॅकेटांना थंडी जमते, पण वाऱ्याबरोबर येणारा पाऊस त्यांना झेपत नाही.

८. हॉस्टेल घ्यावं की बाहेर खोली?

पहिल्या वर्षी, म्हणजे मास्टर्सवाल्यांच्या एकुलत्या एका वर्षी, विद्यापीठाचा हॉल, म्हणजे हॉस्टेल घ्या असंच मी सांगते. महाग असतो, पण वीज, गॅस, इंटरनेट भाड्यात येतं आणि काही बिघडलं तर कुणाला सांगायचं ते ठरलेलं असतं. अर्जाची मुदत जून-जुलैत संपते.

बाहेर राहायचं असेल तर लीड्समध्ये हाइड पार्क, हेडिंग्ली आणि बर्ली हे विद्यार्थ्यांचे भाग आहेत. लाल विटांची, पाठीला पाठ लावलेली जुनी घरं आहेत. स्वस्त असतात, पण ओल आणि बुरशी बघूनच घ्या, खिडकीचा कोपरा आणि पलंगामागची भिंत तपासा. विद्यार्थ्यांच्या घरांसाठी युनिपोल ही संस्था आहे, तिच्याकडे नियम पाळणाऱ्या घरमालकांची यादी मिळते. घर स्वतः किंवा विश्वासातल्या माणसाने पाहिल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका. “मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट भरा, चाव्या कुरिअरने येतील,” असं सांगणारा माणूस घरमालक नसतो.

इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं. त्याची पावती मागा. राहायला गेल्या दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा. निघताना होणारे बहुतेक वाद तिथेच मिटतात.

९. घरमालक ब्रिटनमधला गॅरंटर, म्हणजे भाड्याचा जामीनदार मागतो. माझं इथे कुणीच नाही, काय करू?

पूर्वी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून वाट काढता यायची. इंग्लंडमध्ये १ मे २०२६ पासून खासगी घरमालकाला एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. तुमच्या खिशाला हे बरं आहे, पण त्यामुळे गॅरंटरचा आग्रह वाढू शकतो. काही विद्यापीठं स्वतः गॅरंटर राहण्याची योजना चालवतात, आधी तिथे विचारा. पैसे घेऊन गॅरंटर राहणाऱ्या कंपन्याही आहेत. दूरच्या नातेवाइकाला सही करायला सांगण्याआधी करारात त्याची जबाबदारी फक्त तुमच्या भाड्याची आहे की सगळ्या घराची, ते वाचा. एकत्र करारात एकाने भाडं थकवलं तर ते बाकीच्यांकडून आणि त्यांच्या गॅरंटरकडून वसूल होऊ शकतं.

१०. कौन्सिल टॅक्सची नोटीस आली आहे. विद्यार्थ्यांना माफ असतो ना?

हा घरावरचा स्थानिक कर. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर माफ. पण माफी आपोआप होत नाही. विद्यापीठाकडून दाखला घेऊन कौन्सिलला पाठवा. घरात एकच नोकरदार असेल तर बिल २५ टक्के सवलतीने येतं. ते त्याने भरायचं की वाटून घ्यायचं, हे घर घेतानाच बोलून घ्या.

यातली खरी अडचण कोर्स संपल्यावर येते. सप्टेंबरमध्ये कोर्सची तारीख उलटली की, व्हिसा पुढे चार महिने असला तरी, तुम्ही विद्यार्थी राहत नाही आणि त्या दिवसापासून टॅक्स लागू होऊ शकतो.

११. मोबाइलवर क्रिकेट बघायला टीव्ही लायसन्स लागतं का?

थेट प्रक्षेपण चालू असताना एखाद्या टीव्ही चॅनेलवरचा सामना बघत असाल तर लागतं, मग तो टीव्हीवर असो, लॅपटॉपवर किंवा फोनवर. बीबीसी आयप्लेअरवर जुना कार्यक्रम बघायलाही लागतं. नेटफ्लिक्ससारख्या सेवांवर मागाहून बघायला लागत नाही. २०२५-२६ मध्ये वर्षाचे १७४.५० पौंड होते. हॉलचं लायसन्स सामायिक खोलीपुरतं असतं, तुमच्या खोलीपुरतं नाही.

लीड्सला येणार असाल तर एकदा मैदानात जाऊनच बघा. हेडिंग्लीचं मैदान विद्यार्थ्यांच्या वस्तीतच आहे. यॉर्कशायरकडून खेळलेला पहिला परदेशी खेळाडू म्हणजे आपला सचिन, १९९२ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. बाहेरच्या खेळाडूला दार न उघडणाऱ्या या काउंटीच्या संघातून असा खेळाडू पहिल्यांदा मैदानात उतरला तो शिवाजी पार्कचा पोरगा. तिथे उभं राहिलं की मला अजूनही अभिमान वाटतो.

१२. फोडणी दिली की फायर अलार्म वाजतो. दंड होतो का?

होऊ शकतो, विशेषतः सेन्सरवर पिशवी किंवा मोजा बांधला तर. तसं कधीच करू नका. तो गुन्हा समजतात आणि जिवाशी खेळ आहे. एक्झॉस्ट आधी चालू करा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा, तेल धुरावेपर्यंत तापवू नका. मोहरी झाकणाखाली तडतडू द्या. सुक्या मिरच्या आणि ठसका आणणारे मसाले मंद आचेवर.

शाकाहाऱ्यांनी घाबरू नये. पाकिटांवर शाकाहारी आणि व्हीगन अशी स्पष्ट खूण असते. अंड्याला इथे शाकाहारी धरतात, तेवढं लक्षात ठेवा. चीजमध्ये वासराच्या पोटातून काढलेलं रेनेट असू शकतं, जेलीसारख्या गोळ्यांत प्राण्यांपासून बनवलेलं जिलेटिन. भाजीसाठी लीड्सचं कर्कगेट मार्केट बघा. मार्क्स अँड स्पेन्सरची सुरुवात १८८४ मध्ये याच बाजारातल्या एका ठेल्यावर झाली. सुपरमार्केटमध्ये चार काड्या कोथिंबीर मिळते, इथे जुडी मिळते.

१३. प्राध्यापकांना काय म्हणायचं? वर्गात बोललं नाही तर चालतं का?

नावाने हाक मारतात. पहिल्या ईमेलला ‘डॉक्टर’ आणि आडनाव लिहा, उत्तराखाली ते जसं नाव लिहितील तसं पुढे. पन्नाशीच्या बाईंना नुसतं ‘सुझन’ म्हणायला जीभ वळत नाही, हे मला माहीत आहे. पण ‘सर’, ‘मॅडम’ने इथे अंतरच वाढतं.

लेक्चरमध्ये गप्प बसलं तर चालतं. सेमिनारमध्ये नाही. तिथे दहा-पंधरा जण असतात, आधी दिलेला लेख वाचून त्यावर बोलायचं असतं, आणि प्राध्यापकांशी असहमत होणं उद्धटपणा मानत नाहीत. आपल्याकडची हुशार मुलं इथेच मागे पडतात, कारण उत्तर पूर्ण पक्कं झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही ही आपली सवय. एक प्रश्न लिहून न्या आणि पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाका. प्रत्येक प्राध्यापकाचे आठवड्यात ठरलेले भेटीचे तास असतात. बहुतेक वेळा तिथे कुणीच जात नाही. तुम्ही जा.

१४. भारतात कायम फर्स्ट क्लास डिस्टिंक्शन. इथे पहिल्या निबंधाला ५८. माझं काय चुकलं?

हा प्रश्न दर डिसेंबर-जानेवारीत येतो, आणि रात्री उशिरा येतो. आधी शांत व्हा. बहुतेक विद्यापीठांत मास्टर्सला ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. शंभरपैकी ८० च्या वर गुण क्वचित दिसतात. ६५ हे चांगले गुण आहेत. ५८ म्हणजे विषय समजला आहे, मांडणी अजून वर्णनात्मक आहे.

वर्णनात्मक म्हणजे अमक्याने हे म्हटलं, तमक्याने ते म्हटलं. अपेक्षा अशी असते की त्या दोघांत कुणाचा पुरावा भक्कम आहे, कुठे कमी पडतो आणि तुमचं म्हणणं काय, हे तुम्ही सांगावं. आपल्या परीक्षांत सगळे मुद्दे आले की गुण मिळतात. इथे पाचातले दोन मुद्दे घेऊन खोलात गेलात तर जास्त मिळतात. निबंधासोबत आलेल्या शेऱ्यांवर प्राध्यापकांची भेट मागा आणि “मेरिटसाठी या परिच्छेदात काय हवं होतं?” एवढंच विचारा. विद्यापीठाच्या लायब्ररीत शैक्षणिक लेखन शिकवणारे लोक असतात, फुकट. दुसऱ्या सेमिस्टरला ६५ च्या वर गेलेली बहुतेक मुलं हे दोन्ही करून आलेली असतात.

१५. मैत्रिणीला माझा असाइनमेंट फक्त बघायला दिला. तिने उतरवला. माझ्यावरही कारवाई होईल?

होऊ शकते. याला इथे संगनमत धरतात आणि देणाराही जबाबदार असतो. स्वतःचाच जुना निबंध दुसऱ्या विषयाला वापरणं हाही गैरप्रकार आहे. एआयचे नियम विषयागणिक बदलतात. एका विषयात मुद्दे सुचवून घेतलेले चालतात, दुसऱ्यात अजिबात नाही. नियम असाइनमेंटच्या कागदावरच असतो.

पैसे घेऊन निबंध लिहून देणं इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्याने गुन्हा आहे. असे लोक नंतर विद्यार्थ्यांना धमकावून आणखी पैसे उकळतात. चौकशीची नोटीस आली तर एकटे जाऊ नका. स्टुडंट्स युनियनचा सल्लागार विद्यापीठापासून स्वतंत्र असतो, मोफत असतो आणि बैठकीला सोबत बसू शकतो. मुदत थोडी असते, त्याच दिवशी ईमेल करा.

१६. आजारी पडले आणि डेडलाइन चुकली. किंवा घरी कुणी गेलं. सवलत मिळते?

मिळते, ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’ किंवा ‘एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस’ नावाचा अर्ज असतो. डेडलाइनच्या आधी केला तर बहुधा सहज, नंतर केला तर उशिराचं कारणही द्यावं लागतं. निकाल लागल्यावर फार अवघड. आजी गेली आणि मुलाने कुणालाही न सांगता परीक्षा दिली, असं होतं. आपल्याला घरचं दुःख परक्यांना सांगणं जड जातं. पण अर्जात चार ओळी पुरतात आणि तो गोपनीय राहतो. आयत्या वेळी भारतात जावं लागलं तर विभागाला ईमेल करूनच निघा, कारण गैरहजेरी गृहखात्याला कळवण्याची जबाबदारी विद्यापीठावर असते (प्र. २१ पाहा).

१७. पार्ट-टाइम काम करून खर्च निघतो का?

फी निघत नाही. राहण्याचा थोडा भाग निघतो. पदवी पातळीवरच्या कोर्सला सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे आणि आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. २१ वर्षांवरील व्यक्तीचं किमान वेतन एप्रिल २०२५ पासून तासाला १२.२१ पौंड आणि एप्रिल २०२६ पासून १२.७१ पौंड. वीस तासांचे २५४ पौंड होतात, पण सगळे वीस तास मिळतातच असं नाही आणि पहिलं काम मिळायला दोन-तीन महिने सहज जातात. कर्जाचा हप्ता या भरवशावर ठरवू नका.

मर्यादा सरासरीची नाही. एका आठवड्यात २४ आणि पुढच्या आठवड्यात १६ असं केलं तरी नियमभंग होतो. दोन नोकऱ्या असतील तर दोन्हींची बेरीज. रोख पैसे देऊन किमान वेतनापेक्षा कमीत राबवणारे लोक आहेत, आणि दुर्दैवाने त्यांत आपलेही आहेत. “गावाकडचा आहेस म्हणून घेतो,” म्हणणाऱ्याकडे पगाराची स्लिप मागा. कामाला लागण्यापूर्वी शेअर कोड (काम करण्याचा हक्क दाखवणारा, ई-व्हिसाच्या खात्यातून मिळणारा क्रमांक) द्यावा लागतो. नॅशनल इन्शुरन्स क्रमांक (कर आणि सामाजिक विम्याच्या नोंदीचा) येण्याआधीही काम सुरू करता येतं. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतच्या कमाईवर आयकर नसतो, सुरुवातीला जास्त कापला गेला तर परत मिळतो.

१८. उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करता येतं ना?

बॅचलर्सच्या मुलांना येतं, म्हणून मास्टर्सची मुलं फसतात. तुमचा उन्हाळा डिझर्टेशनचा, म्हणजे सत्राचाच भाग. २० तासांची मर्यादा तशीच राहते. नाताळ आणि ईस्टरच्या सुट्ट्यांबाबत विद्यापीठाच्या तारखांचं पत्र घ्या. कोर्सची अधिकृत शेवटची तारीख उलटल्यावर पूर्णवेळ काम चालतं. प्रबंध लवकर जमा केला म्हणून ती तारीख अलीकडे येत नाही.

१९. फ्रीलान्सिंग, यूट्यूब, पुण्यातल्या कंपनीचं रिमोट काम?

स्वतंत्र व्यवसाय पूर्ण बंद आहे, त्यामुळे फ्रीलान्सिंग नाही, आणि उत्पन्न देणारं यूट्यूब चॅनेलही नाही. अन्न पोहोचवणाऱ्या ॲपवर दुसऱ्याच्या नावाने काम करणं तर व्हिसा घालवणारं आहे. पुण्यातल्या कंपनीची पगारी नोकरी रिमोट करत असाल तर ते तास त्याच २० मध्ये धरले जातात. शंका असेल तर विद्यापीठाच्या इमिग्रेशन सल्लागाराला ईमेल करा. व्हॉट्सॲप ग्रुपवरचं उत्तर तुमच्या बाजूने उभं राहत नाही.

२०. डॉक्टरकडे कसं जायचं? आणि हिवाळ्यात मन उदास होतं त्याचं काय?

पहिल्याच आठवड्यात जवळच्या जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या आजारांसाठीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवा, बरं असतानाच. अधिभार भरलेला असल्यामुळे जीपी आणि इस्पितळाचे वेगळे पैसे नाहीत. इंग्लंडमध्ये चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९.९० पौंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये मोफत. दातांचे उपचार बहुधा पैसे देऊन, म्हणून दात आणि चष्मा भारतातून करून या. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही. तातडीचं पण जिवावरचं नाही अशा वेळी १११, जिवावरचं असेल तर ९९९.

डिसेंबरात लीड्सला पावणेचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. त्याच वेळी पहिले गुण येतात, त्याच वेळी घरभाडं जातं. भारतात तेव्हा सव्वानऊ झालेले असतात आणि आई विचारते, जेवलीस का. ‘हो’ म्हणून फोन ठेवून अंधारात बसणारी मुलं मला माहीत आहेत. हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावं असा इथल्या सरकारचाच सल्ला आहे. दुपारी बाराला अर्धा तास बाहेर चाला, पाऊस असला तरी. लायब्ररीत जाऊन बसा. ब्रदर्टनची गोल घुमटाची वाचनखोली १९३६ पासून आहे, तिथे चार माणसं भोवती असतात. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे नाव द्या, रांग असते म्हणून लवकर द्या. रात्री बोलायला विद्यार्थ्यांनीच चालवलेली नाइटलाइन आहे, ११६ १२३ वर मन मोकळं करायला समॅरिटन्स ही संस्था आहे, आणि इंग्लंडमध्ये १११ लावून २ दाबलं की मानसिक आरोग्याची तातडीची मदत मिळते. याची नोंद व्हिसावर होत नाही. हे सगळे विचारतात, पण फार हळू आवाजात.

२१. डिझर्टेशन भारतात बसून लिहिता येईल का?

विद्यापीठाच्या लेखी परवानगीशिवाय नाही. आणि परवानगी मिळाली तरी पुढे शिक्षणानंतर राहण्याचा ग्रॅज्युएट व्हिसा हवा असेल (प्र. २२) तर जपून, कारण बारा महिन्यांपर्यंतच्या कोर्सला पूर्ण काळ ब्रिटनमध्ये शिकलेलं असावं लागतं. नाताळात दोन आठवडे घरी जाऊन येणं वेगळं, त्याला हरकत नसते.

२२. नंतर किती दिवस राहता येतं?

ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ किंवा त्यानंतर अर्ज केला तर मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळतील, पीएचडीला तीन वर्षं. म्हणजे सप्टेंबर २०२६ ला येणाऱ्यांनी १८ महिनेच धरून चालावं. अर्ज ब्रिटनमध्ये असताना, विद्यार्थी व्हिसा संपण्याआधी आणि तुम्ही उत्तीर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृहखात्याला कळवल्यावर करायचा. निर्णय येण्याआधी देश सोडला तर अर्ज रद्द होतो. अधिभार इथे वर्षाला १,०३५ पौंड आहे, त्याची तरतूद उन्हाळ्यातच करा.

त्यानंतर राहायचं तर कंपनीने स्किल्ड वर्कर व्हिसा द्यायला हवा. त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड, नव्याने सुरुवात करणाऱ्यांना ३३,४००, आणि काही पदांना त्याहून जास्त. अर्ज ऑक्टोबरपासून, म्हणजे आल्याआल्या सुरू होतात. विद्यापीठाच्या करिअर विभागात पहिल्या महिन्यात जा. कर्ज फेडण्याचा सगळा हिशोब ब्रिटनच्या पगारावर बांधू नका, भारतातल्या पगारावर हप्ता झेपतो का ते आधी बघा. झेपत नसेल तर स्वस्त कोर्स शोधा. हे मी स्पष्ट सांगते, कारण एजंट सांगणार नाही.

२३. एखाद्या विषयात नापास झाले तर?

पुन्हा परीक्षा किंवा असाइनमेंट देता येतं, गुण बहुधा ५० वर थांबतात. मास्टर्स पूर्ण झालंच नाही तर १२० क्रेडिट्सवर पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा, ६० वर सर्टिफिकेट मिळू शकतं. पण नुसत्या डिप्लोमावर सहसा ग्रॅज्युएट व्हिसा मिळत नाही. निर्णय चुकीच्या पद्धतीने झाला असं वाटलं तर आधी विद्यापीठात अपील, ते संपल्यावर इंग्लंड-वेल्ससाठी ओआयए ही स्वतंत्र संस्था आहे. परीक्षकाचं मत पटलं नाही, एवढ्यावर मात्र अपील चालत नाही.

२४. तिकडे मराठी माणसं भेटतात का?

लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, डॉलिस हिलला त्याची स्वतःची वास्तू आहे. लीड्सला हाइड पार्कच्या बाजूला हिंदू मंदिर आहे, गणपतीत तिथे कुणी ना कुणी मराठी सापडतंच. पण घर आपल्याच लोकांबरोबर घेतलं तर सेमिनारही त्यांच्याच शेजारी बसून करू नका.

२५. आम्ही मत देऊ शकतो का?

होय. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव नोंदवता येतं, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. यादीत नाव असलं की बँकेत पत्ता पटवणंही सोपं जातं.

२६. आम्ही पालक आहोत. मुलगी दोन दिवस फोन उचलत नाही. विद्यापीठात चौकशी करता येईल का?

करता येईल, पण तिची हजेरी, गुण किंवा तब्येत तिच्या परवानगीशिवाय ते तुम्हाला सांगणार नाहीत. ती सज्ञान आहे, फी तुम्ही भरत असलात तरी. काळजीचं कारण असेल तर विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाला फोन करा, तो चोवीस तास चालू असतो. ते खोलीवर जाऊन बघतात आणि तिला घरी फोन करायला सांगतात. जिवाला धोका वाटत असेल तर तसं स्पष्ट शब्दांत सांगा. भारतातून ९९९ लागत नाही. तिच्या शहराच्या पोलिसांचा परदेशातून लागणारा क्रमांक, हॉलच्या रिसेप्शनचा क्रमांक, तिचा पूर्ण पत्ता पोस्टकोडसह आणि एका फ्लॅटमेटचा नंबर, हे चारही ती निघण्याआधी किंवा पोहोचल्याच्या आठवड्यात लिहून घ्या. आपत्कालीन संपर्क म्हणून तुमचं नाव, +९१ सह, तिने विद्यापीठाच्या पोर्टलवर भरलं आहे का तेही विचारा. बहुतेक मुलांनी ते भरलेलं नसतं.